यादीतून नाव काढते

आमच्या ऑफिसातल्या पंख्याला पाटी होती. पुठ्ठ्यावर निळ्या स्केचपेननं, एकाही अक्षराचा पाय न घसरता लिहिलेली: ‘हा पंखा आहे. दोन नंबरच्या बटणावर चालतो. एक नंबरचे बटण कशाचे आहे हे माहीत नाही, म्हणून दाबू नये. तीन नंबर दाबल्यास पंखा लागत नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याची लाइट जाते.’

पंख्याखाली माठ. माठावर: ‘पिण्याचे पाणी. हात धुण्याचे नाही. हात धुण्याचे बाहेर आहे, ते पिण्याचे नाही.’ माठाशेजारच्या टेबलाला एक ड्रॉवर होता, त्यावर नुसतंच ‘यात काही नाही’ असं लिहिलं होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी तो उघडून पाहिला. खरंच काही नव्हतं.

मागून आवाज आला, ‘‘लिवलेलं वाचून बी उगाडला. म्हंजे तुमचा लिवलेल्यावर इश्वास न्हाई. आन् तुमाला हितं लिवायला ठेवलंय.’’

हे आमचे कंट्रोलर.

भोरच्या एसटी स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी अख्खी नोकरी गाड्या सोडण्यात घालवली होती. त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. घरी फोन केला तर त्यांची बायकोसुद्धा ‘‘कंट्रोलर जेवायला बसलेत’’ असंच सांगायची. निवृत्तीनंतरही त्यांनी खाकी शर्ट सोडला नव्हता. खिशात शिट्टी असायची आणि ती आपण स्वतः विकत घेतलेली आहे, सरकारी नाही, हे ते कुणी न विचारता सांगायचे. बोलायचे गावच्या बोलीत, लिहायचे मात्र नोटीस बोर्डाच्या भाषेत. जणू तोंड भोरचं आणि हात मुंबईच्या मुख्य कार्यालयाचा.

आमच्या संस्थेचं ऑफिस नसरापूरच्या पेठेत होतं. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांनी एका नंबरवर फोन करायचा, आपल्या बोलीत काय हवं ते सांगायचं, आणि पलीकडून माणूस नव्हे, यंत्र बोलणार. दवाखान्याची वेळ ठरवून देणार, गाडी बोलावणार, शिबिराच्या यादीत नाव घालणार. पुण्यातून येणारे आमचे सर या यंत्राला ‘एजंट’ म्हणायचे. नसरापुरात एजंट म्हणजे प्लॉटवाला. हायवेपासून विंझरपर्यंत दर तिसऱ्या टपरीत एक बसलेला असतो. त्यामुळे पहिला महिनाभर लोक आमच्या यंत्राला ‘‘डोंगराकडंचा येक गुंठा कितीला जाईल?’’ एवढंच विचारत होते. कंट्रोलरांनी पहिल्याच बैठकीत हे सांगितलं होतं. ‘‘एजंट म्हनलं की आमच्याकडं मानूस सातबारा लपवतो, सर.’’ सर हसले. सरांना गावच्या लोकांच्या बोलण्याचं हसू फार लवकर यायचं.

या एजंटला स्वतःचं असं काही येत नाही. त्याच्यापुढे टूल मांडून ठेवलेली असतात. एक टूल यादीत नाव घालतं, एक गाडी ठरवतं, एक डॉक्टरची वेळ बघतं. प्रत्येक टूलखाली त्याचं वर्णन. एजंट फोनवरचं बोलणं ऐकतो, वर्णनं वाचतो आणि त्यातलं एक टूल उचलतो. एवढीच त्याची हुशारी. वर्णन चुकलं की चुकीचं टूल हातात आलं. ही वर्णनं लिहायला संस्थेनं दोन माणसं ठेवली होती, कंट्रोलर आणि मी.

कंट्रोलर टूलला अवजार म्हणायचे. ‘‘कोयता लाकूड तोडायला आसतो. कोयत्यानं दाढी करू नये, ह्ये कोयत्यावर लिवलेलं नसतंय, कारन मानसाला आक्कल आसती. ह्याला न्हाई. मग ते कुनी लिवायचं?’’ आणि ते लिहायचे. पानंच्या पानं.

मला ही नोकरी मिळाली ती ‘मराठीवर प्रभुत्व’ या अटीवर. माझं प्रभुत्व पत्रकांतून आलेलं. वरवे बुद्रुकला आमच्या घरात धान्याच्या कोठीपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाबा विहाराच्या ओट्यावर बसून घड्या घालायचे आणि मी मोजून देत असे. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ या शब्दांवरून. पोटफोड्या ष मला कमळातल्या क-च्या आधी आला. बाबांचे दोन नियम होते. एक: लोकांच्या भाषेत लिही, साहेबाच्या नको. दोन: माणूस चालता चालता वाचतो, तीन ओळींत सांग, नाहीतर तुझ्या पत्रकात भजी बांधून जातील.

कंट्रोलर मला ‘पत्रकवाल्या ताई’ म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे, पण मनात बरंच काही म्हणायचे.

त्यांच्या या पाट्या लिहिण्याच्या रोगाचं मूळ भोर स्टँडवर होतं. बाकीच्या स्टँडवर गाडी कुठं जाते ते फळ्यावर लिहितात. यांनी कुठं जात नाही ते लिहायला सुरुवात केली. ‘वेल्हे. मार्गे नसरापूर, विंझर. पानशेतला जात नाही.’ आणि ‘पानशेतला जात नाही’ हे ‘वेल्हे’पेक्षा मोठ्या अक्षरात. लोक हसायचे. ही गाडी काश्मीरलाही जात नाही, तेही लिहा म्हणायचे. त्यावर कंट्रोलर शांतपणे सांगायचे, ‘‘काश्मीरला जाती का, असं मला आजवर कुनी इचारलं न्हाई.’’

त्यामागची गोष्ट ते दर दोन आठवड्यांनी सांगत. नोकरीच्या सुरुवातीला एक तरुण खिडकीशी आला. डोक्याला फेटा, हातात पिशवी, मागं दोन म्हातारे. त्यानं विचारलं, ‘‘ही गाडी धरनावर जाती ना?’’ कंट्रोलर म्हणाले, ‘‘जाती.’’ वेल्ह्याच्या वाटेवर गुंजवणीचं धरण आहे, गाडी त्या फाट्यावरून जाते. त्याला हवं होतं पानशेतचं धरण. तो नवरदेव निघाला. मुहूर्त पानशेतला टळला आणि नवरदेव वेल्ह्यात उतरून लोकांना नवरीचं घर विचारत फिरला.

‘‘म्या खोटं सांगितलं का?’’ कंट्रोलर प्रत्येक वेळी विचारायचे.

‘‘नाही काका.’’

‘‘मग लगीन का मोडलं?’’

गोष्ट इथवर येईतो चहा निवलेला असायचा.

सरांचा मंत्र एकच होता: शॉर्ट. ‘‘शॉर्ट ठेवा, शॉर्ट. लोकांना वेळ नाही.’’ लोकांना म्हणजे सरांना. त्यांचं पानशेतला धरणाकाठी घर होतं आणि शुक्रवारची आढावा बैठक ते तिथंच घ्यायचे, म्हणजे शनिवार-रविवार तिथं राहण्याला कामाचं नाव देता येई. आम्ही नसरापुरातून पाबे घाट ओलांडून जायचो, व्हरांड्यात खुर्च्या मांडायचो, आणि कांदाभजी खात वाडीतल्या माणसाला काय हवं असतं यावर चर्चा करायचो. वाडीतला माणूस त्या व्हरांड्यात एकच होता. तो भजी तळत होता.

सरांचाही एक नमुना सांगायला हवा, नाहीतर सगळी टिंगल म्हाताऱ्याचीच केल्यासारखं होईल. वेल्हे तालुक्याचं नाव कागदावर बदलून राजगड झालं, तेव्हा सरांनी सगळ्या वर्णनांत ते एका दिवसात बदलून घेतलं. कंट्रोलर म्हणाले, ‘‘दोन्ही लिवा. लोकांच्या तोंडात आजून वेल्हंच हाय.’’ सर म्हणाले, ‘‘शॉर्ट.’’ चौथ्या दिवशी एका बाळंतिणीच्या भावानं वेल्ह्याला न्यायला गाडी मागितली. वर्णनात वेल्हे उरलंच नव्हतं, राजगड होतं, आणि यंत्राच्या लेखी राजगड म्हणजे किल्ला. त्याला एजंटनं सांगितलं की चढायला उन्हाच्या आधी निघा, बरोबर पाणी ठेवा आणि बालेकिल्ल्यावर कठड्याला धरून चाला. भाऊ शहाणा होता, त्यानं शेजाऱ्याचा टेम्पो काढला.

मला यातून काहीतरी शिकता आलं असतं. पण मी तेव्हा सरांच्या बाजूची होते. सरांची नव्हे, शॉर्टच्या बाजूची. मला वाटायचं, लांबड हे सत्तेचं हत्यार आहे. गरिबाला गोंधळवण्यासाठीच सरकार इतकं लिहितं. असं मी एका बैठकीत बोलूनही दाखवलं. कंट्रोलरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ह्ये लई लांबलं, ताई.’’

मग डोळ्यांचं शिबिर आलं.

नसरापुरात मोतीबिंदूच्या वीस शस्त्रक्रिया होणार होत्या. यादीसाठी तीन टूल लागणार होती: नाव घालायला, नाव दाखवायला आणि नाव रद्द करायला. तिसऱ्याचं वर्णन कंट्रोलरांनी लिहून आणलं. चौदा ओळी. मी ते पानशेतच्या व्हरांड्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. आवाज काढून वाचलं, हेही सांगते.

‘हे अवजार शिबिराच्या यादीतील नाव खोडते. फोन करणारा इसम स्वतः तोच आहे की भावकीतील आहे याची खात्री करावी. सून सासूचे नाव रागाने खोडावयास सांगू शकते. इसम दारू पिऊन बोलत असल्यास दुसऱ्या दिवशी विचारावे. मागे कोंबडा आरवत असल्यास आवाज नीट आला का ते विचारावे...’

कोंबड्यापाशी सगळे कोसळले. सरांनी डोळे पुसले. पुढचं वाचायची गरजच उरली नाही. मी तिथंच लॅपटॉपवर चौदाच्या चौदा ओळी उडवल्या आणि एक लिहिली: ‘यादीतून नाव काढते.’

‘‘ब्युटिफुल,’’ सर म्हणाले.

कंट्रोलरांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. ‘‘खोडते न्हाई? काढते?’’

‘‘खोडते हा मास्तरांचा शब्द झाला, काका. लोक ‘खोडा’ म्हणत नाहीत. लोक ‘काढा’ म्हणतात.’’

‘‘तेच तर म्हन्तोय मी,’’ कंट्रोलर म्हणाले. ‘‘लोक ‘काढा’ म्हनत्यात.’’

मला वाटलं, त्यांना पटलं. मी एक भजं उचललं.

शिबिराच्या दिवशी सकाळी मी दारातल्या टेबलावर यादी घेऊन बसले होते. कंट्रोलर बाहेर गाड्या लावून घेत होते, शिट्टी वाजवत, कुणाला गरज नसताना. वेल्ह्याच्या वरच्या एका वाडीतून गाडी आली आणि तिच्यातून साठीची एक बाई उतरली. धुतलेलं लुगडं, कापडी पिशवी, पिशवीत रात्रीच्या मुक्कामाचे कपडे आणि भाकरी. एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्यातून आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता. एकटी राहायची. तीन शेळ्या होत्या, आणि पावसात लोकांच्या खाचरात भात लावायला जायची. लावणीच्या आधी डोळा व्हावा एवढ्यासाठी ती आली होती. तिनं हे टेबलापर्यंतच्या दहा पावलांत सगळ्या रांगेला सांगून टाकलं.

मी यादी पाहिली. नाव नव्हतं. मी संगणकावर पाहिलं.

‘‘मावशी, तुमचं नाव नाही यादीत. परवा तुम्हीच फोन करून काढायला सांगितलंय.’’

‘‘व्हय की. मीच म्हनलं काढ. काढलं म्हनला त्यो.’’

‘‘हो ना. काढलंय.’’

‘‘मंग दाव की.’’

‘‘अहो मावशी, काढलंय ते.’’

‘‘आगं काढलंय तर दाव! किती नंबरला हाय त्ये सांग. म्या काय वाचनार हाय व्हय?’’

दोनदा आम्ही दोघी हे असं बोललो. तिसऱ्यांदा ‘काढलंय’ म्हणताना मला तो शब्द ऐकू आला.

दाखला काढतात तेव्हा हातात देतात. मोतीबिंदू काढतात तेव्हा टाकून देतात. धार काढतात, फोटो काढतात, पत्रकं तर आमच्या घरी पिढीजात काढतात. कार्यालयात जाऊन ‘माझं नाव काढा’ म्हणणारा माणूस गठ्ठ्यातून आपला कागद वर काढायला सांगत असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आजी रेशनच्या दुकानात जन्मभर असंच म्हणत आली. मी विसरले होते, कारण माझं एका ओळीचं वाक्य फार सुंदर झालं होतं.

नंतर मी तो फोन ऐकला. एवढाच होता.

‘‘त्ये डोळ्याच्या यादीतनं माजं नाव काढा वं.’’

‘‘तुमचं नाव काढलं आहे. आणखी काही मदत हवी आहे का?’’

‘‘न्हाई बाबा. काढलंस ना, बास. लई उपकार झालं.’’

दोन्हीकडे समाधान. रिकाम्या झालेल्या जागी पुढच्या माणसाचं नाव वर सरकलं होतं आणि त्याच्या डोळ्यात औषध पडलंही होतं. डॉक्टरांनी बाईंचा डोळा पाहिला. म्हणाले, ‘‘पुरता पिकलाय. थांबणं बरं नाही. पण माझ्याकडे एकविसावं भिंग नाही.’’ पुढचं शिबिर चार महिन्यांनी.

कंट्रोलर दारात उभे होते. त्यांनी बाईंची पिशवी घेतली, हात धरला आणि गाडीकडे न्यायला लागले. रांगेपाशी बाई थांबल्या आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, ‘‘काढायचा व्हता मोतीबिंदू, काढलं नाव. झ्याक झालं.’’

रांग हसली. बाईही हसल्या. मी यादीवर डोकं खाली घालून आधीच टिक केलेल्या नावांवर पुन्हा टिक करत बसले.

त्या शुक्रवारी पानशेतला भजी होतीच. शिबिरासाठी मदत देणाऱ्यांना अहवाल जायचा होता आणि बाईंची तक्रार गावच्या ग्रुपवर फिरत होती. सर म्हणाले, ‘‘टेक्निकली काय झालंय? लाभार्थीनं विनंती केली, यंत्रानं पाळली. एवढंच लिहायचं. तुम्ही लिहा, तुमची भाषा चांगली आहे.’’

आणि मी लिहिलं. ‘सदर लाभार्थीने स्वतः दूरध्वनीद्वारे यादीतून नाव काढण्याची विनंती केली होती व त्यानुसार कार्यवाही करण्यात आली.’ वाक्य चांगलं उतरलं. साहेबाच्या भाषेत लिहू नको म्हणणाऱ्या बापाच्या मुलीला साहेबाची भाषा किती सहज येते, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांनी कागद छापून कंट्रोलरांपुढे ठेवला. सही दोघांची लागणार होती. कंट्रोलरांनी तो दोनदा वाचला.

‘‘ह्यात खोटं काय न्हाई,’’ ते म्हणाले.

‘‘मग करा सही.’’

‘‘म्हनून तर करत न्हाई, सर. त्या नवरदेवाला बी म्या खरंच सांगितलं व्हतं. गाडी धरनावर जातीच की.’’

‘‘काका, आता ती गोष्ट नको,’’ सर म्हणाले.

‘‘न्हाई सांगत. ती बाई चुकीचं मराठी बोलली, आसं तुमाला लिवायचं आसंल तर लिवा. खाली माजं नाव नगं.’’ मग माझ्याकडे वळून, अगदी चौकशी केल्यासारखं, ‘‘पत्रकवाल्या ताई, तुमच्या घरी निषेध छापत्यात. ह्यात कुनाचा करायचा? बाईचा?’’

मी लॅपटॉप ओढला आणि ते वाक्य खोडलं. काढलं नाही, खोडलं. त्याजागी लिहिलं: ‘टूलचे वर्णन मी लिहिले. चूक त्या वर्णनाची आहे. बाईंनी बरोबर सांगितले होते.’ खाली माझं नाव.

सर म्हणाले, ‘‘हा रिपोर्ट नाही. हे पत्रक झालं.’’

‘‘हो, पत्रकच आहे,’’ मी बाणेदारपणे म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असावं.

कंट्रोलर म्हणाले, ‘‘ह्ये आदी सुचलं आसतं तर भजी गरम खाल्ली आसती.’’ आणि सही केली.

परतताना घाटात मी त्यांचं जुनं वर्णन मोबाईलवर उघडलं. अकरावी ओळ, कोंबड्याच्या खाली, एकाच नावाची दोन माणसं असल्यास काय करावे याच्या वर: ‘नाव शोधून दाखवा या अर्थानेही लोक काढा असे म्हणतात.’

मी भडकले. ‘‘काका! इतकी मोठी गोष्ट तुम्ही कोंबड्याच्या खाली लिहिली?’’

‘‘सुचलं तसं लिवलं.’’

‘‘आणि ‘पानशेतला जात नाही’ फळ्यावर कुठं लिहायचात? खाली, कोपऱ्यात?’’

कंट्रोलरांनी खिशातली शिट्टी काढून पुसली. ‘‘न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘मोठं लिवायचो.’’ त्यांना हरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. सुख वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ते वर्णन लिहिलं. दिवस गेला. मी एक शब्द कापायचे, ते दोन घालायचे. सून गेली, दारू गेली, कोंबड्यासाठी ते दुपारपर्यंत भांडले. शेवटी उरलं ते असं: ‘हे अवजार यादीतले नाव कायमचे खोडते. नाव शोधायला किंवा दाखवायला वापरू नये, त्यासाठी दुसरे अवजार आहे. लोक दोन्हींसाठी “नाव काढा” म्हणतात, म्हणून आधी विचारावे: खोडू, की दाखवू?’

तीन ओळी. त्याला पत्रक म्हणा, नाहीतर फळा.

अहवाल तसाच गेला, आणि सोमवारी सरांनी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कंट्रोलरांचं नाव काढलं. खोडू की दाखवू, हे त्यांना कुणी विचारलं नाही. कंट्रोलर मंगळवारी वेळेवर आले. आदेश आलेला नाही, नुसते ग्रुपात दिसत नाही, त्याला नोकरी गेली म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खुर्चीच्या पाठीला त्यांनी पुठ्ठा बांधला: ‘ही खुर्ची कंट्रोलरची आहे. कंट्रोलर ग्रुपमध्ये नाहीत. खुर्चीत आहेत.’ पुढे सरांना ग्रुपमध्ये काही विचारायचं झालं की ते आम्हाला विचारायचे आणि आम्ही खुर्चीला.

लावणीच्या दिवसांत आम्ही त्या वाडीवर गेलो. माझा हट्ट, की ती कबुली बाईंना स्वतः वाचून दाखवायची. त्याआधी कंट्रोलरांनी पुण्याच्या एका दवाखान्यात वेळ मिळवली होती, पण बाई नको म्हणाल्या होत्या. ‘‘आठ दिस तिकडं ऱ्हायचं तर शेरडं कुनाच्या गळ्यात बांदू? तुमच्या?’’

खाचरात बायका वाकून रोपं लावत होत्या. ही बांधावर बसून चाचपत रोपांच्या मुठी वळत होती. मी चिखलात उभं राहून माझ्या तीन ओळी वाचल्या. आवाज जरा सभेतला लागला.

‘‘झालं वाचून?’’ बाई म्हणाल्या.

‘‘झालं.’’

‘‘मंग त्या मुठी फेक पल्याड. हुबी हायस ती हायस.’’

मी मुठी फेकल्या. नीट पडल्या नाहीत. खाचरातल्या बायका म्हणाल्या, शिकलेली दिसती.

चार महिन्यांनी शिबिर झालं. या वेळी बाईंनी फोनवर तेच शब्द उच्चारले, कारण त्यांना दुसरे शब्द वापरायचं काही कारण नव्हतं. एजंटनं विचारलं, ‘‘नाव खोडू, की यादीतलं दाखवू?’’ बाई कडाडल्या, ‘‘पुन्यांदा खोडलंस तर बग!’’ त्यानं नंबर सांगितला. सहावा.

पट्टी दुसऱ्या दिवशी सुटली. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, मग आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की मे महिन्यात झालं असतं तर आणखी बरंच दिसलं असतं. आता एवढंच. शेळ्या दिसतील, वाट दिसेल, सुईत दोरा जाणार नाही.

बाई काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या. आधी त्यांनी कंट्रोलरांकडे निरखून पाहिलं. ‘‘शिट्टी वाजवनारं तुमीच व्हय? आवाजावरनं म्या जाडजूड समजत हुते.’’

‘‘शिट्टी माजी सोताची हाय,’’ कंट्रोलर म्हणाले.

मग बाईंनी मान वळवली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, यादीत नाव शोधावं तसं.

‘‘आन् हीच का ती? नाव काढनारी?’’

आमच्याकडे पोरीला याहून मोठा आशीर्वाद नाही. बाबांनी मला शाळेत घालताना हेच म्हटलं होतं. मी खाली पाहिलं.

‘‘व्हय, हीच,’’ कंट्रोलर म्हणाले. ‘‘पन आता इचारून काढती.’’